चंदेरी झाकण

कंपनीत तिला सगळे वहिनी म्हणत. फाटकावरचा वॉचमन, पॅकिंगमधल्या बायका, इतकंच काय, मशीन दुरुस्त करायला बाहेरून येणारा माणूसही दुसऱ्या फेरीला वहिनी म्हणायला लागे. कारण साधं होतं. कंपनीची मालकीण तिची नणंद होती, नणंद तिला वहिनी म्हणायची, आणि मालकीण म्हणेल ते कंपनी म्हणते. अँटेना या विषयात सात वर्षं डोळे फोडून तिने डॉक्टरेट मिळवली होती, पण डॉक्टर हा शब्द तिथे कुणाच्या जिभेवर आला नाही. नणंदेला मात्र झाडून सगळे मॅडम म्हणत, आणि नणंद शिकली होती हॉटेल कसं चालवावं ते. आपणही तिला वहिनीच म्हणू. चार वर्षं ऐकून घेतलंय, अजून थोडा वेळ ऐकेल.

त्यांचा अँटेना म्हणजे छपरावर दिसते तसली वाटी नव्हती. चहाच्या टेबलाएवढा चपटा पत्रा, त्यावर तांब्याचे हजारभर चिमुकले चौकोन. वाटी उपग्रहाकडे तोंड करून बसवावी लागते. हा पत्रा जागचा हलत नसे. चौकोन आपापसांत जमवून घेत आणि नजर वळवत. गाडी धावो, वळो, चढ चढो, उपग्रह सुटत नसे. डोंगरातल्या वस्त्यांवर मोबाइलला रेंज नसते. तिथून पेशंट घेऊन निघालेल्या ॲम्ब्युलन्सच्या छतावर हा पत्रा बसवला, की शहरातल्या डॉक्टरला पडद्यावर पेशंट दिसे आणि काय करायचं ते तो नर्सला सांगू शके. हे सगळं वहिनीच्या डोक्यातून निघालेलं. पहिला पत्रा तिने घरातल्या जेवणाच्या टेबलावर जोडला होता, आणि ते सहा महिने घरची माणसं मांडीवर ताट घेऊन जेवली होती.

पण म्हणून वहिनी गरीब गाय होती असं कुणी समजू नये. तिची जीभ म्हणजे कात्री. सोल्डरिंग करणाऱ्या एका मुलीला तिने एकदा असं काही सुनावलं की ती बिचारी डबा न उघडताच घरी गेली. ‘नाही’ हा तिचा आवडता शब्द. नणंद गिऱ्हाईक आणायची, त्याला तारीख द्यायची, आणि वहिनी म्हणायची, नाही. एक डाग राहिलाय, एक कोपरा तापतोय, अजून दोन महिने. दोन गिऱ्हाइकं अशी गेली. नणंदेच्या मते वहिनीला वस्तू बनवायची नव्हती, नुसती कुरवाळायची होती. वहिनीच्या मते नणंदेला बोलघेवडेपणापलीकडे काही येत नव्हतं. दोघींच्याही म्हणण्यात तथ्य होतं, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं.

दोघींच्या मधे होता वहिनीचा नवरा, म्हणजे नणंदेचा थोरला भाऊ. कंपनीत त्याला सगळे दादा म्हणत. तो खरेदी बघायचा. मृदंगाला दोन्हीकडून थापा बसतात तसं त्याचं होतं. फरक इतकाच की मृदंग निदान आवाज तरी करतो.

त्या सोमवारी मॅडमनी सगळ्यांना मोठ्या टेबलाभोवती बोलावलं. शुक्रवारी ॲम्ब्युलन्स सेवेचे लोक चाचणीला येणार होते. त्यांच्याकडे चाळीस गाड्या. चाचणी पार पडली तर कंपनी उभी राहणार, नाही तर शटर खाली. हे टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

“दोन गोष्टी,” मॅडम म्हणाल्या. “पहिली. पुढच्या महिन्यापासून तांत्रिक बाजू बघायला बाहेरून एक जण येतायत. मोठ्या कंपनीत वीस वर्षं काढलेत. वहिनी त्यांच्या हाताखाली काम करतील.”

वहिनीला ही बातमी पॅकिंगच्या सुपरवायझरबरोबर, त्याच क्षणी कळली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. त्याला माहीत होतं. किती दिवसांपासून, ते देव जाणे.

“दुसरी गोष्ट झाकणाची,” मॅडम पुढे निघाल्या. पत्र्यावर ऊनपावसासाठी एक प्लास्टिकचं झाकण असे, पांढरं. “ते बाथरूमच्या फरशीसारखं दिसतं. गाडीच्या छतावर काहीतरी भारी बसलंय असं वाटायला पाहिजे बघणाऱ्याला. चंदेरी करायचं. मी रंग निवडून डबा पेंटरकाकांकडे पाठवलाय.”

“रंगाचं जरा...” वहिनी म्हणाली.

“वहिनी, प्लीज. तुमच्या ‘जरा’ने गेल्या खेपेला दोन महिने खाल्ले. आतलं तुम्ही बघा, वरचं आमच्यावर सोडा. रंग द्यायला डॉक्टरेट लागत नाही.”

लोक हसले. पॅकिंगचा सुपरवायझर सगळ्यांत जास्त हसला, कारण वहिनी त्याला रोज बोलायची.

दोघींची एक रीत होती. घरी नणंद वहिनीला ‘तू’ म्हणे, कंपनीत ‘तुम्ही’. भांडण असलं की मात्र स्वयंपाकघरात उभं राहूनसुद्धा ‘तुम्ही’. त्या दिवशीचं ‘तुम्ही’ कुठलं, हे टेबलावरच्या सगळ्यांना कळलं.

वहिनी दोनच वाक्यं बोलणार होती. चंदेरी रंग दोन तऱ्हेचे मिळतात. एक नुसता चकाकतो; दुसऱ्यात ॲल्युमिनियमची बारीक पूड असते, आणि तो अँटेनावर मारणं म्हणजे माणसाच्या तोंडावर हात दाबून त्याला बोल म्हणण्यासारखं. इतकंच. पण तिने तोंड मिटलं आणि मूग गिळून बसली.

संध्याकाळी घरी ती नवऱ्यावर घसरली.

“तुला माहीत होतं.”

“ती आधी तुला सांगणार होती.”

“सांगितलं का?”

“तू तिच्याशी कधी सरळ बोलतेस? ती आत आली की तू उठून जातेस. तिनं सांगायचं तरी कुणाला, खुर्चीला?”

“तू सांगायचंस. नवरा आहेस ना माझा?”

“आणि तिचा भाऊ पण आहे,” तो म्हणाला. चार वर्षं तो हे एकच वाक्य म्हणत आला होता, आणि दर वेळी त्याला वाटायचं की यात सगळं आलं. मग तो आडवा झाला आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. वहिनीला त्या घोरण्याचा जितका राग आला तितका सकाळच्या बातमीचाही आला नव्हता.

बुधवारी दुपारी पेंटरकाका आले. कंपनीच्या मागच्या बाजूला त्यांचं गाड्या रंगवायचं शेड होतं. साठीचा माणूस, थिनरने बोटं कायमची पांढुरकी झालेली, बोलायला कमी. त्यांच्या हातात बिस्किटाएवढा प्लास्टिकचा तुकडा होता, चंदेरी रंगवलेला, अजून ताजा.

हा तुकडा आणायची पद्धत वहिनीचीच. अँटेनावर जे काही बसणार, रंग असो, खाचा बुजवायची लांबी असो, चिकटवायचा गोंद असो, त्याचा नमुना आधी तिच्याकडे आला पाहिजे. तिच्या खोलीत एक जुना मायक्रोवेव्ह होता, भंगारातून आणलेला. त्यात नमुना ठेवून अर्धा मिनिट चालवायचा. गार राहिला तर पास, तापला तर नापास. दोन वर्षांपूर्वी काकांनी न विचारता एक लांबी भरली होती, तेव्हा वहिनीने त्यांना त्यांच्याच कामगारांसमोर असं फैलावर घेतलं होतं की त्यानंतर ते स्क्रूला ग्रीस लावायचं तरी विचारून लावत.

“बघून घ्या,” काका म्हणाले.

तिने तुकडा आत ठेवला आणि बटण दाबलं. दोन सेकंदांत ठिणग्या उडाल्या, निळ्या, चटचट आवाज करत. तिने बटण बंद केलं. जळक्या रंगाचा वास खोलीभर पसरला.

“यात ॲल्युमिनियमची पूड आहे,” काका म्हणाले. “डब्यावर लिहिलंय. चालेल का?”

इतकं सरळ विचारल्यावर मला माहीत नव्हतं म्हणायची सोय राहिली नाही. वहिनी त्या तुकड्याकडे बघत राहिली. सोमवारचं हसू तिला परत ऐकू आलं.

“रंग मॅडमनी निवडलाय ना?”

“हो. डबा त्यांनीच पाठवला.”

“मग मला काय विचारता? मारा.”

“पण आत्ता ठिणग्या...”

“काका, मारा म्हटलं ना. वरचं मॅडम बघतायत.”

काकांनी तुकडा उचलला. मग ‘बरं’ म्हणाले आणि निघाले. त्यांच्या चेहऱ्यावरून तरी त्यांना काय वाटलं ते कळलं नाही, आणि वहिनीनेही कळून घ्यायचा प्रयत्न केला नाही.

तिचा बेत अगदी नीट आखलेला होता. पांढरं झाकण आणखी एक होतं, तिच्या कपाटात. ते तिने गुरुवारी स्वतःच्या गाडीच्या डिकीत ठेवलं. शुक्रवारी पाहुण्यांसमोर पडदा काळा पडणार. मॅडमच्या कपाळाला घाम येणार. दहा मिनिटं सगळे सैरभैर होणार, आणि मग ती उठणार, झाकण बदलणार, आणि पत्रा असा चालणार की सगळ्यांची वाचा बसेल. त्यानंतर बाहेरून माणूस आणायची भाषा कोण करतो ते ती बघणार होती. आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणं म्हणतात ते हेच. पण नाक कापायला बसलेल्या माणसाला सुरीची धारच तेवढी दिसते.

शुक्रवारी साडेआठला झाकण आलं. दिसत होतं मात्र झोकात, हे वहिनीलाही मनातल्या मनात मान्य करावं लागलं. मॅडमनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “आता वाटतंय काहीतरी!”

कंपनीत एक खोली होती, भिंतींना, छताला, जमिनीला निळ्या फोमचे सुळके लावलेली. आत लहरी कुठे आपटून परत येत नसत, म्हणून तिला सगळे मुकी खोली म्हणत. झाकण बसवल्यावर प्रत्येक पत्र्याची तिथे तपासणीची एक शेवटची फेरी होई. चाळीस मिनिटांचं काम.

“शेवटची फेरी लावू?” वहिनीच्या हाताखालच्या टेक्निशियनने विचारलं.

“वेळ नाही,” वहिनी म्हणाली.

पाहुणे दहाला येणार होते. वेळ होता.

ॲम्ब्युलन्स सेवेचा तपासनीस ठेंगणा, जाड भिंगांचा माणूस होता. हस्तांदोलन नाही, चहा नाही. बरोबर एक डॉक्टरीणबाई, जी गाडीत मागे बसून शहरातल्या हॉस्पिटलशी बोलणार होती. पत्रा छतावर चढला, चार बोल्ट आवळले गेले, आणि आवारात उभ्या गाडीतूनच पहिला फोन लागला. मोठ्या खोलीतल्या पडद्यावर डॉक्टरीणबाईंचा चेहरा आला. अगदी स्वच्छ.

टाळ्या वाजल्या. वहिनीने पडद्याकडे निरखून पाहिलं. चालतंय! उपग्रह जवळजवळ डोक्यावर होता, आणि तिच्या अँटेनात इतका जीव होता की सरळ वर बघताना तो त्या रंगातूनही आरपार बघत होता. मॅडमनी तिच्याकडे एक नजर टाकली. बघितलंत, तुमच्या ‘जरा’शिवायही चालतं, असली. त्या क्षणी वहिनीला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगितलं पाहिजे. स्वतःचा अँटेना चालतोय याचं तिला वाईट वाटलं.

गाडी निघाली, हमरस्ता सोडून टेकडीच्या चढाला लागली. पहिल्या वळणावर चित्र थबकलं. डॉक्टरीणबाईंचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. चित्र परत आलं, दोन शब्द ऐकू आले, आणि पडदा काळा पडला. चढावर गाडी कलली, नजर वाकडी वळवावी लागली, की रंगाची भिंत जाड होत होती. एक मिनिट गेलं, तीन गेली. मॅडमच्या कपाळावर घाम आला, बेतात होता तसाच. अकरा मिनिटं पडदा काळा होता.

गाडी परत आली तशी सगळी मंडळी आवारात धावली. तपासनीस उतरला, चष्मा पुसला, आणि हातातल्या कागदावर लिहिता लिहिताच बोलला, “सपाटीवर ठीक. चढ झेपत नाही या अँटेनाला. डोंगरात निरुपयोगी.”

वहिनी या वाक्यासाठी तयार नव्हती. तिने घाम मोजला होता, मिनिटं मोजली होती, पण कुणीतरी तिच्या पत्र्याला निरुपयोगी म्हणेल आणि तसं लिहून घेईल, हे तिच्या बेतात कुठेच नव्हतं. ती पुढे झाली.

“झेपतो! कसलाही चढ झेपतो. त्या झाकणाच्या रंगात धातू आहे. पांढरं झाकण माझ्या गाडीत आहे, दहा मिनिटं द्या.”

“जे छतावर चढवलं त्याचीच चाचणी,” तो म्हणाला. “मधे बदल चालत नाही.” मग लिहिता लिहिता थांबला. “तुमच्या गाडीत आहे? आधीपासून?”

पण मॅडमच्या कानांपर्यंत ‘धातू’च्या पुढचं काही पोचलं नव्हतं. “धातू? रंगात धातू? पेंटरकाकांना बोलवा. आत्ताच्या आत्ता!”

काका शेडमधून हात पुसत आले. बावीस माणसं गोल करून उभी होती, आणि मॅडम मधोमध.

“असला रंग मारलात तुम्ही? अँटेनावर? चार वर्षं इथं काम करताय, एवढं कळू नये? तोंड उघडून विचारता येत नव्हतं?”

“विचारलं होतं,” काका म्हणाले. “वहिनींना दाखवला होता नमुना.”

“खोटं बोलू नका!” मॅडमचा आवाज फाटला. “माझं वाटोळं झालं तर ही बाई बसल्या जागी टाळ्या पिटेल. मला तोंडावर शिव्या देईल, दादाला देईल. आमचं पटत नाही, इथल्या कुत्र्यालासुद्धा माहितीय. पण त्या पत्र्याला ती ओरखडा उठू देणार नाही. तुम्ही दाखवलं असतंत तर तिनं तो रंग नखांनी खरवडून काढला असता. तिच्यावर ढकलताय? निघा. तुमचं काम आजपासून बंद.”

काकांनी वहिनीकडे पाहिलं. रागाने नाही, एखादा माणूस किती वाजले म्हणून विचारतो तसं.

गप्प बसणं सोपं होतं. म्हातारा निघून गेला असता, खापर त्याच्या डोक्यावर फुटलं असतं, आणि कंपनी बुडाली तरी वहिनीचं नाव स्वच्छ राहिलं असतं, तेही नणंदेच्या तोंडून. चार वर्षांत नणंदेने तिच्याबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता, आणि काढला तो आज, या आवारात, सगळ्यांदेखत. वहिनीला तो शब्द अंगावर उकळतं पाणी पडावं तसा लागला. त्यातून तपासनिसाच्या हातातल्या कागदावर ‘निरुपयोगी’ हा शब्द अजून ओला होता.

“दाखवला होता,” ती म्हणाली. “बुधवारी. मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडाल्या. काकांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, मारा.”

“काय?” हा तिचा नवरा.

मॅडम तिच्याकडे वळल्या. “का?”

“वरचं तू बघणार होतीस.”

कंपनीच्या आवारात, भर सभेत तिने नणंदेला ‘तू’ म्हटलं, ते पहिल्यांदाच. मॅडम दोन पावलं पुढे आल्या. आता हात उगारतात की काय असं सगळ्यांना वाटलं.

“मला सांगितलं असतंस तर मी तुझी जिरवली असती, हे मान्य. चार माणसांत तुला हसलेही असते. पण रंग बदलला असता ग! बावीस घरं आहेत यावर. तुझा पत्रा आहे. एवढा द्वेष?”

“हो,” वहिनी म्हणाली. “एवढा.”

खरं तेच ती बोलली. तिने दुसरं काही बोलायला पाहिजे होतं, असं नंतर पुष्कळांनी पुष्कळांना सांगितलं.

तपासनिसाने घसा खाकरला. “पांढरं झाकण असतं तर चढावर धरला असता?”

“पूर्ण वेळ. तुम्ही गाडी आडवी केली असती तरी.”

“मला पटतंय,” तो म्हणाला. “सपाटीवर त्या रंगातून एवढं दिसलं, म्हणजे आतली वस्तू चांगली आहे. पण बाई, आमच्या गाडीत माणूस झोपलेला असतो. उद्या तुमचं दोघींचं पुन्हा बिनसलं, तर ते मला कधी कळणार? पडदा काळा पडल्यावर?” तो मॅडमकडे वळला. “आठ दिवसांनी येतो. दुसरा पत्रा, पांढरं झाकण. एकच अट. या बाईंचा हात त्याला लागलेला नको. आज नाही, पुढेही नाही. तसं लेखी द्या.”

“देते,” मॅडम म्हणाल्या. त्याचं वाक्य संपायच्या आतच म्हणाल्या.

गर्दी पांगली. मॅडम पेंटरकाकांशी काहीतरी बोलल्या, बहुधा माफीचं, आणि काकांनी मान हलवली. वहिनी शेडपर्यंत त्यांच्या मागे गेली.

“काका, मी...”

“दोन वर्षांपूर्वी न विचारता केलं म्हणून तुम्ही मला माझ्या माणसांसमोर उभं केलंत,” ते पाठमोरेच म्हणाले. “ते बरोबर होतं, माझी चूक होती. म्हणून तर यावेळी विचारलं.” त्यांनी रंगाच्या पिचकारीत थिनर ओतलं आणि साफ करायला घेतली. पुढे ती जितका वेळ उभी होती तितका वेळ ते साफच करत राहिले.

मुक्या खोलीची किल्ली, लॅपटॉप, मोजमापांच्या सहा वह्या, सगळं तिने त्याच दुपारी टेबलावर मांडलं. टेक्निशियनने एकेक वस्तू यादीशी ताडून घेतली आणि तिची सही घेतली. सोमवारी बाहेरचा माणूस एक महिना आधीच रुजू झाला. त्याने तिला एकही फोन केला नाही. तिने सगळं इतकं नीट लिहून ठेवलं होतं की त्याला गरजच पडली नसावी.

नणंद त्या आठवड्यात घरी दोनदा आली. बाहेरच्या खोलीत भावाशी बोलली, पाणी मागितलं ते त्याच्याकडे, आणि गेली. वहिनी आत होती. दोघींच्या मधे एक दार होतं, उघडंच.

पुढच्या शुक्रवारी वहिनी सकाळपासून घड्याळासमोर बसली. दहाला गाडी येईल. सव्वादहाला बोल्ट आवळतील. पावणेअकराला चढ. पहिलं वळण. बाराला तिने जेवण गरम केलं आणि तसंच ठेवलं. नवऱ्याला फोन लावावा असं तिला शंभरदा वाटलं असेल, पण तो उचलणार नाही हे तिला माहीत होतं, आणि नुसती वाजणारी रिंग ऐकायची तिच्यात ताकद नव्हती. आयुष्यात इतकी भीती तिला स्वतःच्या परीक्षेची वाटली नव्हती.

नवरा चारला आला. दारातच ती उभी होती.

“धरला,” तो म्हणाला.

“चढावर?”

“चढावर, उतारावर, बोगद्याच्या तोंडापर्यंत. एकदासुद्धा तुटला नाही. चाळीसच्या चाळीस गाड्या घेतायत ते.”

वहिनी भिंतीला टेकली. तिला रडू आलं, आणि रडता रडता ती हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिचा श्वास पोटापर्यंत गेला. नवरा बूट काढत होता. तिला त्याच्याकडे चालत जावंसं वाटलं, त्याच्याकडेच काय, नणंदेकडेही.

“त्या पहिल्या वळणावर,” तिने विचारलं, “सिग्नल किती खाली गेला? लिहून आणलंयस? कोपऱ्यातले चौकोन तापले का रे?”

तो वाकलेला होता, तसाच थांबला.

“ते तुला सांगायचं नाही, असं ठरलंय.”

“कुणी ठरवलं?”

“त्या अटीच्या कागदातच आहे. हात लावायचा नाही, आणि आतलं काही कळू द्यायचं नाही.” त्याने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. “त्यावर तिची सही आहे. आणि माझी.”

बूट त्याने मांडणीत ठेवले आणि हात धुवायला आत गेला.